चौकट बदलते तेव्हा

गोव्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने माटोळी पाहिली आहे. चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीवर लाकडी पट्ट्यांची एक चौकट आडवी टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळी, चिबूड, रानातील फळे व आंब्याचे डहाळे बांधतात. पाहणाऱ्याची दृष्टी फळांवर खिळते; चौकटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु कोणती वस्तू कोठे टांगावयाची हे त्या पट्ट्यांवरच अवलंबून असते. वर्षानुवर्षे चौकट तीच असली म्हणजे घरातील लहानमोठ्यांचे हात न विचारता योग्य जागी जातात. आता अशी कल्पना करा की, एके वर्षी सुताराने नवी चौकट आणून दिली. ती अधिक मजबूत आहे, अधिक भार सोसणारी आहे. परंतु तिच्या पट्ट्यांमधील अंतर वेगळे आहे आणि बांधण्याची रीतही वेगळी आहे. फळे तीच, घर तेच, पण प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधणे प्राप्त झाले. त्या घरातील माणसांनी सुताराचे आभार मानावेत की त्याच्यावर रागवावे?

हा प्रश्न मला सुचला तो 2021 सालच्या चतुर्थीत. शाळा सोडून सातआठ वर्षे झालेला माझा एक विद्यार्थी त्या सुटीत मला भेटावयास आला होता. तो एका लहानशा कंपनीत प्रोग्रामर म्हणून काम करतो. आमचे बोलणे अर्थातच कोंकणीत चालले होते. कसे काय चालले आहे, असे मी विचारताच तो म्हणाला, “सर, ज्या फ्रेमवर्कवर आमचे सगळे काम उभे आहे, त्याचा आधार येत्या 31 डिसेंबरला बंद होणार. नवी आवृत्ती केव्हाच आली आहे, पण तिच्यात जुने काहीच चालत नाही. दोन वर्षे खपून जे शिकलो, ते सगळे फुकट गेले का?”

मी कलाशाखेचा पदवीधर. मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. परंतु विद्यार्थ्याचा प्रश्न शिक्षकाने अनुत्तरित ठेवू नये, म्हणून मी या विषयाची माहिती मिळविली, त्याच्याकडूनही पुष्कळ समजावून घेतले. त्यातून जे उमगले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्यातील कित्येक विद्यार्थी उद्या याच क्षेत्रात जाणार आहेत.

प्रथम फ्रेमवर्क म्हणजे काय ते पाहू. आपण संगणकावर अथवा मोबाइलवर जी वेबपाने पाहतो, ती ब्राउझर नावाचा प्रोग्राम आपल्यापुढे मांडतो. पानावर काय असावे हे एचटीएमएल या भाषेत लिहितात. पानाने कसे वागावे, म्हणजे बटण दाबल्यावर काय घडावे, हे जावास्क्रिप्ट या भाषेत लिहितात. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 साली नेटस्केप कंपनीत असताना तयार केली. लहान पानासाठी एवढे पुरते. परंतु बँकेचे व्यवहार किंवा रेल्वेचे आरक्षण यांसारखे मोठे काम असेल, तर त्याच त्या गोष्टी शेकडो वेळा लिहाव्या लागतात. म्हणून कोणीतरी अनुभवी मंडळी या सामाईक कामांची एक तयार चौकट बनवितात आणि इतरांनी तिच्यावर आपापले काम बांधावे, अशी सोय करून देतात. तिलाच फ्रेमवर्क म्हणतात. माटोळीप्रमाणेच येथेही फळे ज्याची त्याची. चौकट मात्र सर्वांची एक.

माझा विद्यार्थी ज्या चौकटीविषयी बोलत होता तिचे नाव अँग्युलरजेएस. तिची सुरुवात 2009 साली मिश्को हेव्हेरी आणि अ‍ॅडम अ‍ॅब्रन्स यांनी केली. हेव्हेरी पुढे गूगल कंपनीत एका प्रकल्पावर काम करीत होते. त्या प्रकल्पात सहा महिन्यांत सुमारे 17,000 ओळींचा प्रोग्राम लिहून झाला होता. हेव्हेरी यांनी पैज मारली की, माझ्या चौकटीच्या साहाय्याने मी हे सारे दोन आठवड्यांत पुन्हा लिहून दाखवीन. त्यांना तीन आठवडे लागले, म्हणजे पैज ते हरले. परंतु 17,000 ओळींचे काम अवघ्या 1,500 ओळींत बसले. गूगलने ही चौकट आपलीशी केली, 2012 साली तिची 1.0 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि थोड्याच काळात जगभरच्या असंख्य प्रोग्रामरांनी ती स्वीकारली.

तिची जादू कशात होती ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, पडद्यावर गुणपत्रक आहे. गणिताच्या रकान्यात मी 62 च्या जागी 68 लिहिले, तर खालची बेरीज आपोआप बदलली पाहिजे. पूर्वी ती बदलण्याची आज्ञा प्रोग्रामरला स्वतः द्यावी लागे. अँग्युलरजेएसमध्ये “बेरीज म्हणजे या रकान्यांची बेरीज” एवढे एकदा सांगितले की पुढचे सारे चौकटच पाहून घेई. परंतु ती हे कसे करी? वर्गनायकाने प्रत्येक बाकापाशी जाऊन “तुझ्याकडे काही बदलले का?” असे विचारावे, तसे ती प्रत्येक लक्ष ठेवलेल्या किमतीला विचारी. एकाने जरी “होय” म्हटले तरी फेरी पुन्हा पहिल्यापासून. कारण एक बदलल्यामुळे दुसरे बदलले असण्याचा संभव. सर्वजण “नाही” म्हणेपर्यंत हा क्रम चाले, आणि दहा फेऱ्यांतही शांतता झाली नाही तर चौकट चूक दाखवून थांबे. वर्गात चाळीस मुले असताना ही रीत ठीक. पण पडद्यावर हजारो किमती आल्या, आणि तोच पडदा मोबाइलसारख्या कमी शक्तीच्या यंत्रावर दिसू लागला, तेव्हा हीच जादू जड होऊन बसली.

म्हणजे दोष वरवरचा नव्हता. तो पायात होता. शिवाय भोवतालचे जगही बदलले होते. जावास्क्रिप्ट या भाषेत प्रोग्रामचे सुटे भाग पाडून ते जोडण्याची सोय पूर्वी नव्हती, म्हणून चौकटीने ती स्वतःच्या पद्धतीने केलेली होती. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या भाषेच्या नव्या प्रमाण रूपात ही सोय भाषेतच आली. एकाच कामाच्या दोन रीती आता बाळगाव्या कशाला? तेव्हा डागडुजी करीत बसण्यापेक्षा चौकट नव्याने घडवावी, असे कर्त्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

नवल, आणि दुःखही, वाटले ते ही गोष्ट ज्या रीतीने सांगितली गेली त्याचे. 2014 च्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिस येथे या चौकटीच्या प्रोग्रामरांची परिषद भरली होती. तेथे नव्या आवृत्तीची रूपरेषा सांगताना कर्त्यांनी पडद्यावर थडग्यांची चित्रे दाखविली. कंट्रोलर, स्कोप, मॉड्यूल ही त्या चौकटीतील रोजच्या वापराची नावे; त्यांतील एकेकाचा अंत झाल्याचे या चित्रांनी जाहीर केले. सांगणाऱ्यांच्या मनात विनोद असेल. परंतु ऐकणाऱ्यांचे दोनतीन वर्षांचे कष्ट त्या नावांवर उभे होते. त्यांच्या कंपन्यांनी ग्राहकांस शब्द दिलेले होते. जुन्याकडून नव्याकडे कसे जावयाचे, याचा मार्ग त्या दिवशी कोणी दाखविला नाही. साहजिकच जगभर मोठा गहजब झाला आणि कित्येकांनी ही चौकटच सोडून दुसरीकडे वळण्याचे ठरविले.

अशा बदलाला प्रोग्रामर “ब्रेकिंग चेंज” म्हणतात. म्हणजे मोडणारा बदल. कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्राम, त्यात स्वतःची एकही चूक नसताना, आधाराची चौकट बदलल्यामुळे बंद पडतो. असा बदल येत आहे हे ओळखण्याची एक खूण मात्र या व्यवसायाने ठरवून घेतली आहे. आवृत्तीचा क्रमांक तीन आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ, 2.4.1. शेवटचा आकडा वाढला तर केवळ चूक दुरुस्त झाली. मधला वाढला तर काही नवी सोय आली, जुने सारे तसेच चालेल. पहिला आकडा वाढला तर सावध राहावे. जुने काही मोडले आहे. या संकेताची नियमावली टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून काढली. वरवर पाहता हे तीन आकडेच. वस्तुतः ते चौकट बनविणाऱ्याने वापरणाऱ्यास दिलेले वचन होय.

अँग्युलरच्या कर्त्यांना आपली चूक उमगली असावी, असे त्यांच्या पुढील वागण्यावरून दिसते. त्यांनी जुनी व नवी चौकट एकाच प्रोग्राममध्ये शेजारीशेजारी चालविण्याचे साधन तयार केले. त्यामुळे सारे घर एकदम न पाडता एकेक खोली नवी करता येऊ लागली. नवी आवृत्ती, म्हणजे अँग्युलर 2, ही 14 सप्टेंबर 2016 रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात माहिती वरून खाली एकाच दिशेने वाहते, त्यामुळे वर्गनायकाच्या फेऱ्यांवर फेऱ्या संपल्या. ती मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली आहे. त्या भाषेत अंकाच्या जागी शब्द दिल्यासारख्या चुका प्रोग्राम चालविण्यापूर्वीच ध्यानात येतात. त्यानंतर कर्त्यांनी जाहीर केले की, यापुढे मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येईल, जे काढावयाचे असेल त्याची सूचना आधीच्या आवृत्तीत मिळेल आणि बदल लहान लहान असतील. 2018 पासून तर एक आज्ञा देताच पुष्कळसे आवश्यक फेरफार आपोआप होऊ लागले. जुन्या चौकटीलाही एकाएकी वाऱ्यावर सोडले नाही. 1 जुलै 2018 पासून तीन वर्षे तिच्यातील गंभीर दोष तेवढे दुरुस्त करू, असे त्यांनी सांगितले. पुढे महामारीमुळे ती मुदत सहा महिन्यांनी वाढवून 31 डिसेंबर 2021 केली. माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडी आलेली तारीख ती हीच.

मुदत संपली म्हणजे जुना प्रोग्राम त्या दिवशी बंद पडतो काय? तसे नाही. तो चालतच राहतो, आणि फसगत होते ती येथेच. त्यात पुढे एखादे छिद्र सापडले, ज्यातून चोराला आत शिरता येईल, तर ते बुजविण्यास मूळ कर्ते येणार नाहीत. लोकांची नावे, पत्ते, पैशांचे व्यवहार ज्या प्रोग्राममध्ये आहेत, त्याच्या बाबतीत ही जोखीम लहान नव्हे. म्हणून “चालते आहे ना, मग कशाला हात लावा?” हे म्हणणे काही काळ सोयीचे वाटले तरी अखेर महाग पडते.

ही अडचण एकाच चौकटीची आहे असेही नाही. गूगलमध्ये असताना अँग्युलरजेएस वापरलेले एव्हन यू यांनी 2014 साली व्ह्यू नावाची स्वतःची हलकी चौकट प्रसिद्ध केली. तिची तिसरी आवृत्ती 18 सप्टेंबर 2020 रोजी आली आणि तिच्यातही मोडणारे बदल होते. परंतु दुसऱ्या आवृत्तीचा आधार त्यांनी 31 डिसेंबर 2023 पर्यंत चालू ठेवला, म्हणजे तीन वर्षांहून अधिक. शिवाय जुन्या रीतीने वागून, कोठे काय बदलावे लागेल त्याची सूचना देणारी एक मधली आवृत्तीही त्यांनी दिली. इतके करूनही ज्या शेकडो लहान पूरक साधनांवर लोक अवलंबून होते, ती नव्या आवृत्तीसाठी तयार होण्यास वेळ लागला आणि कित्येकांचे काम त्यामुळे अडून राहिले. सारांश, मुख्य चौकट बदलणाऱ्याच्या हाती सर्व काही नसते.

आपल्या आजोबांच्या पिढीने असाच एक बदल पाहिला आहे. 1 एप्रिल 1957 रोजी भारतात सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. बदल हिताचा होता. दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला. परंतु एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, त्यामुळे बाजारात प्रत्येक लहान व्यवहारात पावपैशाचा घोळ. तरीही तो बदल पार पडला, कारण जुनी नाणी एका दिवसात रद्द केली गेली नाहीत. जुनी व नवी काही वर्षे बरोबर चालली. 1964 साली “नवा” हा शब्दही गळून पडला. बदल सोसवतो की नाही हे त्याच्या मोठेपणावर तितके अवलंबून नसते, जितके दोन्ही काठांना जोडणारा पूल आहे की नाही यावर असते.

चौकट वापरणाऱ्याने स्वतः काय करावे, हेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट, नव्या आवृत्तीबरोबर येणारी बदलांची यादी शब्दशः वाचावी. दुसरी, एकदम चार पायऱ्या उडी न मारता एकेक आवृत्ती चढावी. तिसरी, “हे लवकरच काढले जाईल” अशी सूचना दिसताच ती मनावर घ्यावी. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रोग्रामने काय केले पाहिजे हे तपासणाऱ्या चाचण्या आधीच लिहून ठेवाव्यात; म्हणजे चौकट बदलल्यावर काय मोडले ते ग्राहकाच्या तक्रारीआधी आपल्याला कळते. फार मोठा प्रोग्राम असेल तर मार्टिन फाउलर यांनी 2004 साली सुचविलेली रीत अनुसरतात. ऑस्ट्रेलियातील रानात त्यांनी वडाच्या जातीची झाडे पाहिली. त्यांचे बी दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर रुजते, मुळे हळूहळू खाली उतरतात आणि कालांतराने जुने झाड नाहीसे होऊन नवे स्वतःच्या पायावर उभे राहते. त्याप्रमाणे जुना प्रोग्राम चालू ठेवून त्याच्याभोवती नवा वाढवीत न्यावा. आपल्याकडे पडक्या भिंतीवर वाढलेला पिंपळ ज्याने पाहिला आहे, त्यास ही उपमा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शिकलेले फुकट जाते काय?

याचे उत्तर शोधताना एक गोष्ट पाहून मी थक्क झालो. चौकटी मोडतात, पण ज्या पायावर त्या उभ्या असतात तो पाया सहसा मोडत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत तयार केलेले जगातील पहिले वेबस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. जावास्क्रिप्टमध्ये अगदी आरंभापासून एक चूक आहे: “काहीच नाही” असा अर्थ असलेल्या “नल” या किमतीचा प्रकार विचारला, तर ती भाषा “ऑब्जेक्ट”, म्हणजे वस्तू, असे उत्तर देते. ती सुधारण्याचा प्रस्ताव आला होता. परंतु त्या चुकीवर विसंबलेली जुनी पाने मोडतील, म्हणून चूक तशीच ठेवली गेली. 2018 साली तर भाषेत “फ्लॅटन” नावाची एक नवी सोय यावयाची होती. मूटूल्स नावाच्या एका जुन्या साधनाने तेच नाव पूर्वी वापरलेले असल्यामुळे काही जुनी वेबस्थळे बिघडत आहेत असे आढळून आले. तेव्हा नव्या सोयीचेच नाव बदलून “फ्लॅट” केले गेले. जेथे सारे जग उभे आहे तेथे एवढी काळजी घेतली जाते. म्हणून ज्याचे एचटीएमएल व जावास्क्रिप्ट पक्के आहे, त्याला चौकट बदलल्याने काही महिन्यांचे श्रम पडतील. परंतु त्याची विद्या बुडणार नाही. ज्याने मात्र चौकटीच्या खुणा तेवढ्या पाठ केल्या आणि खाली काय आहे हे कधी पाहिले नाही, त्याचा प्रत्येक नव्या आवृत्तीला पहिल्या इयत्तेत पुन्हा प्रवेश होतो.

माझ्या विद्यार्थ्याची हकीकत पुरी करतो. त्याने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जुनी व नवी चौकट शेजारीशेजारी चालवून एकेक पडदा बदलीत नेला. दीड वर्ष लागले. मध्यंतरी दोन वेळा ग्राहकांची बोलणी खावी लागली, काही रात्री जागून काढाव्या लागल्या. पुढे 2023 च्या चतुर्थीस तो आला तेव्हा त्याने मला दोन वह्यांची गोष्ट सांगितली. नोकरीस लागल्यापासून तो दोन वह्या ठेवीत असे. एकीत जुन्या चौकटीतील नावे, खुणा आणि युक्त्या होत्या. दुसरीत प्रत्येक पडद्याने काय करावयाचे, का करावयाचे, ग्राहक कोठे अडतो आणि कोणती चूक पूर्वी झाली होती, याची टिपणे होती.

“सर, पहिली वही आता कपाटात पडली आहे,” तो म्हणाला. “पण दुसरी रोज उघडावी लागली. तिच्याशिवाय नवे काही उभेच राहिले नसते.”

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या चौकट वापरणारे व्हाल, तर ती दुसरी वही अवश्य ठेवा. आणि कोणी चौकट बनविणारे झालात, तर बदल करण्यास कचरू नका. परंतु पुढच्या आवृत्तीची घोषणा करण्याआधी, तुमच्या पट्ट्यांना लोकांनी किती गाठी बांधल्या आहेत ते एकदा मोजून पाहा, आणि त्या सोडून पुन्हा बांधण्यास त्यांना पुरेसा वेळ द्या.